१९७२ चे मायामी डॉल्फिन्स: एकही सामना न हरलेला हंगाम (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

१७-० म्हणजे नेमके काय?

मायामी डॉल्फिन्स या अमेरिकन फुटबॉल संघाने १९७२ च्या हंगामात १४ साखळी सामने खेळले आणि १४ ही जिंकले. त्यानंतर बाद फेरीतले दोन आणि १४ जानेवारी १९७३ चा सातवा सुपर बोल (लीगचा अंतिम सामना) असे आणखी तीन सामने जिंकले. एकूण १७ विजय, हार शून्य, बरोबरी शून्य. नॅशनल फुटबॉल लीगच्या (एनएफएल) इतिहासात साखळीपासून विजेतेपदापर्यंत एकही सामना न गमावलेला आणि एकही बरोबरीत न सोडलेला हा एकमेव संघ आहे. हंगामाआधीचे सराव सामने या हिशेबात धरत नाहीत.

हा खेळ कधी पाहिलेला नाही. पुढचे समजायला किमान काय माहीत हवे?

मैदान १०० यार्डांचे, म्हणजे साधारण ९१ मीटर. प्रत्येक बाजूला ११ खेळाडू. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांना चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे जायचे असते. या प्रयत्नाला डाउन म्हणतात. १० यार्ड मिळाले की पुन्हा चार डाउन. मिळणार नाहीत असे दिसले की चौथ्या डाउनवर बहुधा पंट करतात, म्हणजे लाथेने चेंडू लांब प्रतिस्पर्ध्याच्या हद्दीत टोलवतात. चेंडू शेवटच्या रेषेपार नेला की टचडाउन, त्याचे ६ गुण आणि वर किकचा १. खांबांमधून चेंडू मारला की फील्ड गोल, त्याचे ३. चेंडू घेऊन पळता येते किंवा पुढे फेकता येतो. फेकलेला चेंडू विरोधकाने झेलला की इंटरसेप्शन, आणि ताबा त्याच्याकडे.

एक बारकावा मात्र लक्षात ठेवावा, कारण या संघाचे सगळे तंत्र त्यावर उभे होते. फेकलेला चेंडू कोणी झेलला नाही तर घड्याळ थांबते. पळणारा खेळाडू मैदानातच पाडला गेला तर घड्याळ चालू राहते.

पूर्ण वेळापत्रक आणि निकाल एका जागी मिळतील का?

सगळ्या निकालांत मायामीचे गुण आधी दिले आहेत.

१७ सप्टेंबर, कॅन्सस सिटी चीफ्स (बाहेर): २०-१०
२४ सप्टेंबर, ह्यूस्टन ऑयलर्स (घरी): ३४-१३
१ ऑक्टोबर, मिनेसोटा व्हायकिंग्ज (बाहेर): १६-१४
८ ऑक्टोबर, न्यूयॉर्क जेट्स (बाहेर): २७-१७
१५ ऑक्टोबर, सॅन डिएगो चार्जर्स (घरी): २४-१०
२२ ऑक्टोबर, बफलो बिल्स (घरी): २४-२३
२९ ऑक्टोबर, बाल्टिमोर कोल्ट्स (बाहेर): २३-०
५ नोव्हेंबर, बफलो बिल्स (बाहेर): ३०-१६
१२ नोव्हेंबर, न्यू इंग्लंड पेट्रियट्स (घरी): ५२-०
१९ नोव्हेंबर, न्यूयॉर्क जेट्स (घरी): २८-२४
२७ नोव्हेंबर, सेंट लुइस कार्डिनल्स (घरी): ३१-१०
३ डिसेंबर, न्यू इंग्लंड पेट्रियट्स (बाहेर): ३७-२१
१० डिसेंबर, न्यूयॉर्क जायंट्स (बाहेर): २३-१३
१६ डिसेंबर, बाल्टिमोर कोल्ट्स (घरी): १६-०

बाद फेरी: २४ डिसेंबरला क्लीव्हलँड ब्राउन्स (घरी) २०-१४, ३१ डिसेंबरला पिट्सबर्ग स्टीलर्स (बाहेर) २१-१७, आणि लॉस एंजेलिसच्या कोलिझियममध्ये वॉशिंग्टनविरुद्ध १४-७.

साखळीत केलेले गुण ३८५, दिलेले १७१. त्या वर्षी लीगमध्ये सर्वाधिक गुण यांनीच केले आणि सर्वांत कमी गुण यांनीच दिले.

प्रतिस्पर्धी दुबळे होते, म्हणून जमले. हे खरे आहे का?

अर्धे खरे. साखळीतल्या प्रतिस्पर्ध्यांपैकी फक्त चीफ्स आणि जायंट्स या दोघांनी हारींपेक्षा जास्त विजय मिळवले, आणि तेही ८-६ असेच. याच कारणाने सुपर बोलच्या आधी सट्टेबाजांनी १६-० असलेल्या मायामीऐवजी वॉशिंग्टनला किंचित पुढे धरले होते.

पण वेळापत्रक लीग ठरवते, संघ नाही. आणि दुबळ्या संघाशी हरणे ही या खेळातली नेहमीची गोष्ट आहे. प्रवास, थंडी, एक निसटलेला चेंडू, एक मोडलेला पाय, एवढे पुरते. हे सगळे मायामीच्याही वाट्याला आले. शिवाय बाद फेरीत समोर आलेले तिन्ही संघ १० किंवा अधिक सामने जिंकलेले होते आणि तिघांनाही हरवले. आमच्या मते या हंगामाचे खरे मोल दरारा बसवण्यात नाही. संघातला कोणताही एक भाग निकामी झाला तरी बाकीचे भाग सामना तोलून धरत, यात ते आहे.

हा संघ अचानक कुठून आला?

अचानक आलाच नाही. डॉल्फिन्स १९६६ मध्ये सुरू झाले आणि १९६९ मध्ये ३-१०-१ (विजय-हार-बरोबरी) असे तळाला होते. मालक जो रॉबी यांनी १९७० मध्ये बाल्टिमोरहून डॉन शूला यांना प्रशिक्षक म्हणून आणले. ते आणण्याच्या पद्धतीत नियमभंग झाला असे ठरवून लीगने मायामीची पहिल्या फेरीतली एक निवड, म्हणजे नवा खेळाडू निवडण्याचा हक्क, कोल्ट्सना देऊन टाकली. शूलांनी पहिल्याच वर्षी १०-४ अशी कामगिरी करून दाखवली. १९७१ मध्ये संघ सहाव्या सुपर बोलपर्यंत गेला आणि तिथे डॅलस काउबॉइजकडून ३-२४ असा सपाटून हरला. त्याआधी तिसऱ्या सुपर बोलमध्ये शूलांचे कोल्ट्स जेट्सकडून हरले होते. मोठा सामना जिंकू न शकणारा प्रशिक्षक, असा शिक्का त्यांच्यावर बसत चालला होता. १९७२ चा संघ तो पराभव मनात ठेवून मैदानात उतरला.

त्यांचा पळण्याचा खेळ इतका का चालला?

चार गोष्टी जुळून आल्या.

पहिली, पळणारे तिघे आणि तिघांच्या तीन तऱ्हा. लॅरी झॉन्का हा शंभर किलोंहून बराच जड फुलबॅक मधल्या गर्दीत घुसायचा. मर्क्युरी मॉरिस वेगवान, तो कडेने निसटायचा. जिम किक अडलेल्या दोन-तीन यार्डांसाठी आणि झेल घेण्यासाठी. झॉन्काने २१३ धावांत (म्हणजे चेंडू घेऊन २१३ वेळा पळून) १,११७ यार्ड काढले, मॉरिसने १९० धावांत १,०००, किकने ५२१. संघाचे एकूण २,९६० यार्ड हा तेव्हाचा लीगचा विक्रम होता, म्हणजे सामन्याला सरासरी २११.

दुसरी, पुढची फळी, म्हणजे विरोधकांना अडवून वाट करून देणारे पाच जण. सेंटर (मधला) जिम लँगर, गार्ड (त्याच्या दोन बाजूंचे) लॅरी लिटल आणि बॉब कूचेनबर्ग, टॅकल (कडेचे) नॉर्म इव्हान्स आणि वेन मूर. यांतले बरेचजण इतर संघांनी सोडून दिलेले होते. लाइनचे प्रशिक्षक माँटी क्लार्क यांनी त्यांच्याकडून दोन चाली घोटून घेतल्या. ‘ट्रॅप’मध्ये समोरच्या एका बचावपटूला मुद्दाम न अडवता आत येऊ देतात. वाट मोकळी आहे असे वाटून तो पुढे झेपावतो, आणि दुसऱ्या बाजूचा गार्ड धावत येऊन त्याला कुशीतून धडक देतो. त्याने सोडलेल्या जागेतून झॉन्का जायचा. ‘स्वीप’मध्ये लिटल आपली जागा सोडून कडेला पळायचा आणि मॉरिस त्याच्या पाठोपाठ. ट्रॅप फसतो तो वेळेमुळे: गार्ड अर्धा सेकंद उशिरा पोचला तर आत आलेला बचावपटू थेट चेंडूवरच पडतो. म्हणून ही चाल पाहताना पळणाऱ्याकडे बघू नये, गार्डच्या पहिल्या दोन पावलांकडे बघावे.

तिसरी, नियमातला बदल. प्रत्येक डाउन मैदानावरच्या दोन आखलेल्या खुणांच्या मधून सुरू होतो. १९७२ पूर्वी या दोन खुणांत ४० फूट अंतर होते. त्या वर्षी ते साडेअठरा फुटांवर आणले. त्यामुळे चेंडू कडेला अडकून राहण्याचे थांबले आणि पळणाऱ्याला दोन्ही बाजूंना जागा मिळू लागली. त्या हंगामात लीगमध्ये तब्बल दहा जणांनी हजार यार्ड ओलांडले.

चौथी म्हणजे घड्याळ. सतत पळत राहिले की वेळ सरत राहते आणि विरोधकांच्या हाती चेंडू कमी वेळा येतो. या पद्धतीचा धोकाही तितकाच स्पष्ट आहे. दोन टचडाउनने मागे पडलात तर पळून भरपाई करायला वेळ उरत नाही. म्हणजे बचाव पक्का नसेल तर हा खेळ खेळताच येत नाही.

आणि केवळ पळूनही भागत नाही. पॉल वॉरफिल्डसारखा झेल घेणारा कडेला उभा असल्यामुळे विरोधकांना सगळी माणसे पुढे आणून गर्दी करता येत नसे. त्याचे झेल मोजके दिसतात. त्याच्या धाकाने मोकळे राहिलेले मैदान आकडेवारीत कुठेच दिसत नाही.

मुख्य क्वार्टरबॅक जखमी झाल्यावर काय झाले?

१५ ऑक्टोबरला, पाचव्या सामन्यात, चार्जर्सच्या दोघांच्या धडकेत बॉब ग्रीसी या मुख्य क्वार्टरबॅकचे (चेंडू पळणाऱ्याच्या हाती देणारा किंवा फेकणारा सूत्रधार) उजव्या पायाचे हाड मोडले आणि घोटा निखळला. बहुतेक संघांचा हंगाम इथेच संपतो.

त्याच्या जागी आलेला अर्ल मॉरल ३८ वर्षांचा होता. त्याच वर्षी कोल्ट्सने त्याला मोकळे केले होते आणि मायामीने फक्त १०० डॉलरच्या दावाशुल्कावर त्याला घेतले होते. शूला त्याला पुरते ओळखून होते. १९६८ मध्ये बाल्टिमोरला जॉनी युनायटस जखमी असताना याच मॉरलने संघ चालवला होता आणि लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. १९७२ मध्ये त्याने साखळीतल्या उरलेल्या नऊ सामन्यांत आणि बाद फेरीच्या दोन सामन्यांत सुरुवात केली. एकूण ११. सतरापैकी अकरा सामने राखीव क्वार्टरबॅकने सुरू केले, हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे.

त्याने ग्रीसीसारखे खेळायचा प्रयत्न केला नाही. चेंडू वेळेवर झॉन्का-मॉरिसच्या हाती देणे, गरज पडली तेव्हाच फेकणे, चूक न करणे, एवढ्यावर तो ठाम राहिला. १९ नोव्हेंबरला जेट्सविरुद्ध मात्र त्याने स्वतः ३१ यार्ड पळत जाऊन टचडाउन केला!

मॉरिसचे बरोबर १,००० यार्ड कसे झाले? हा आकडा जुळवून आणलेला वाटतो.

साखळी संपली तेव्हा त्याच्या नावावर ९९१ होते. संघाच्या विनंतीवरून लीगने बफलोविरुद्धच्या सामन्याची फिल्म पुन्हा तपासली. एका खेळीत मॉरलने मागे टाकलेला चेंडू हातातून सुटला होता आणि त्यातले ९ यार्डांचे नुकसान मॉरिसच्या खात्यात टाकले होते. ते नुकसान मॉरलच्या नावावर वळवले गेले आणि मॉरिसचा आकडा १,००० झाला. एकाच संघातल्या दोघांनी एका हंगामात हजार गाठण्याची ही पहिलीच वेळ. दुरुस्ती नियमाला धरून होती.

‘नो-नेम डिफेन्स’ हे नाव कशामुळे?

सहाव्या सुपर बोलच्या आधी डॅलसचे प्रशिक्षक टॉम लँड्री यांना मायामीच्या बचावपटूंची नावे पटकन आठवली नाहीत. त्यावरून ‘नो-नेम’, म्हणजे निनावी, हे नाव पुढे चिकटले आणि खेळाडूंनी ते अभिमानाने मिरवले.

बचावाची आखणी बिल आर्न्सपार्गर यांची. मधला लाइनबॅकर (पुढच्या फळीच्या मागे उभा राहणारा बचावपटू) निक ब्युओनिकाँटी सहा फुटांहूनही कमी उंचीचा. व्यावसायिक संघांनी त्याला निवडीच्या तेराव्या फेरीपर्यंत हात लावला नव्हता. मागे डिक अँडरसन आणि जेक स्कॉट हे दोन सेफ्टी, म्हणजे सर्वांत मागचे बचावपटू. दोघांना एकमेकांच्या हालचाली इतक्या पाठ होत्या की चेंडू सुटण्याआधी कोण कुठे असणार हे क्वार्टरबॅकला ओळखता येत नसे.

त्यांची खास रचना म्हणजे ‘५३ डिफेन्स’. बॉब मॅथिसनच्या जर्सीचा क्रमांक ५३, त्यावरून हे नाव. नेहमीच्या चार लाइनमनपैकी एकाला बाहेर काढून मॅथिसनला आणायचे. आता पुढे तिघे, मागे चार लाइनबॅकर. मॅथिसन कधी क्वार्टरबॅकवर धावून जाई, कधी मागे सरकून झेलाची वाट अडवी. चौथा हल्लेखोर कोण हे चेंडू हलेपर्यंत समजत नाही, आणि अडवणाऱ्या फळीची नेमकी तिथेच पंचाईत होते. पुढे लीगभर रुळलेल्या ३-४ बचावाची ही एक महत्त्वाची पायरी होती.

हरता हरता वाचले असे सामने कोणते?

मिनेसोटामध्ये ६-१४ असे मागे होते. किक मारणाऱ्या गारो येप्रेमियनच्या ५१ यार्डांच्या फील्ड गोलने ९-१४ झाले आणि दीड मिनिटाहून कमी वेळ उरला असताना ग्रीसीने जिम मँडिचला तीन यार्डांचा टचडाउन पास दिला. बफलोविरुद्धच्या घरच्या सामन्यात एका गुणाने सुटले. तिथेही येप्रेमियनचा ५४ यार्डांचा गोल कामी आला. क्लीव्हलँडविरुद्ध शेवटच्या क्वार्टरमध्ये १३-१४ अशी पिछाडी होती. वॉरफिल्डच्या झेलांनी संघ पुढे सरकला आणि किकने आठ यार्ड पळून सामना फिरवला. त्या दिवशी मायामीच्या बचावाने पाच इंटरसेप्शन घेतले होते, तरीही इतके अटीतटीचे झाले.

अपराजित असूनही पिट्सबर्गला जाऊन का खेळावे लागले?

तेव्हा यजमानपद कामगिरीवर ठरत नसे. ते गटांमध्ये आळीपाळीने फिरत असे. ही पद्धत १९७५ मध्ये बदलली.

त्या सामन्यातली लॅरी सायपलची खेळी अवश्य पाहावी. सायपल पंट मारायला उभा होता. चेंडू परतवण्याच्या घाईत पिट्सबर्गचे खेळाडू पाठ फिरवून मागे पळत आहेत हे त्याने पाहिले आणि पंट न मारता स्वतःच्या निर्णयाने ३७ यार्ड पळाला. पुढे मॉरलच्या पासवर झॉन्काने टचडाउन केला, मध्यंतराला ७-७. शूलांनी दुसऱ्या अर्धात मॉरलला बसवून पायाची दुखापत भरून आलेल्या ग्रीसीला उतरवले. त्याने वॉरफिल्डला ५२ यार्डांचा पास दिला, किकने दोन टचडाउन केले. सलग अकरा सामने सुरू करणाऱ्याला बाजूला करणे सोपे नव्हते, पण निर्णय बरोबर होता. मॉरलनेही तो मोठ्या मनाने स्वीकारला.

सुपर बोल १४-७ म्हणजे चुरशीचा झाला का?

आकड्यावरून वाटतो तितका नाही. ग्रीसीने पूर्ण सामन्यात फक्त ११ पास फेकले, ८ पोचले. पहिला टचडाउन हॉवर्ड ट्विलीने २८ यार्डांच्या पासवर केला. दुसऱ्या क्वार्टरच्या शेवटी ब्युओनिकाँटीने बिली किल्मरचा पास पकडून ३२ यार्ड परत आणला आणि मध्यंतराला १८ सेकंद असताना किकने १४-० केले. झॉन्काने १५ धावांत ११२ यार्ड काढले. बचावफळीच्या मध्यभागी मॅनी फर्नांडिसने वॉशिंग्टनच्या पळणाऱ्यांना दिवसभर डोके वर काढू दिले नाही. सर्वोत्तम खेळाडूचा मान दोन इंटरसेप्शन घेणाऱ्या स्कॉटला मिळाला. फर्नांडिसला मिळाला असता तरी कोणी हरकत घेतली नसती.

तेव्हा गोलचे खांब अगदी गोलरेषेवर असत (१९७४ मध्ये ते मागे नेले). शेवटच्या क्वार्टरमध्ये किल्मरचा टचडाउनसाठी फेकलेला एक पास त्या खांबालाच आपटला आणि लगेच पुढच्या पासवर स्कॉटने गोलक्षेत्रात झेल घेऊन ५५ यार्ड पळ काढला.

येप्रेमियनच्या त्या खेळीत नेमके काय चुकले?

स्कॉटच्या त्या झेलानंतर मायामी ४२ यार्डांवरून फील्ड गोल मारायला उभे राहिले. जमला असता तर १७-० च्या हंगामाचा शेवट १७-० ने झाला असता. येप्रेमियनची किक खालून गेली आणि बिल ब्रंडिजने ती अडवली. चेंडू उसळून येप्रेमियनच्या हाती आला. अशा वेळी करायचे एकच: चेंडू पोटाशी घेऊन आडवे पडायचे. त्याने तो फेकायला हात उचलला, चेंडू हातातून सटकला, त्याने तो वर थोपटला आणि वॉशिंग्टनच्या माइक बॅसने हवेतच पकडून ४९ यार्ड पळत टचडाउन केला. सामन्यात दोन मिनिटे सात सेकंद उरली होती. शेवटच्या खेळीत किल्मरला फेकण्याआधीच पाडले, तेव्हा कुठे हंगाम पुरा झाला.

येप्रेमियनला केवळ या एका खेळीवरून ओळखणे अन्यायाचे आहे. मिनेसोटा आणि बफलोविरुद्धचे त्याचे लांबचे गोल वजा करा. १७-० उरत नाही.

नंतर कोणाला का जमले नाही?

१९३४ आणि १९४२ च्या शिकागो बेअर्सनी साखळी अपराजित संपवली होती, पण दोन्ही वेळा अंतिम सामना हरले. सर्वांत जवळ पोचले २००७ चे न्यू इंग्लंड पेट्रियट्स. १८-० असताना ३ फेब्रुवारी २००८ ला जायंट्सनी त्यांना १७-१४ ने हरवले. (त्याच हंगामात मायामी १-१५ होते.) १९८५ चे बेअर्स १५-१ राहिले आणि त्यांचा तो एकमेव पराभव मायामीनेच केला, ३८-२४.

आता साखळीच १७ सामन्यांची आहे. म्हणजे कमीत कमी २० विजय सलग हवेत.

दरवर्षी शेवटचा अपराजित संघ हरला की जुने खेळाडू जमून शॅम्पेन फोडतात, हे खरे आहे का?

सगळे जमून दरवर्षी साजरे करतात असे नाही. त्या संघातल्या अनेकांनी ते वारंवार नाकारले आहे.

या खेळाडूंचे पुढे काय झाले?

शूला, झॉन्का, ग्रीसी, लँगर, लिटल, वॉरफिल्ड आणि ब्युओनिकाँटी हॉल ऑफ फेममध्ये आहेत. शूला ३४७ विजयांसह लीगचे सर्वाधिक यशस्वी प्रशिक्षक राहिले. २०२० मध्ये त्यांचे निधन झाले.

दुसरी बाजूही लिहिलीच पाहिजे. मॉरल, ब्युओनिकाँटी, किक आणि बचावातला बिल स्टॅनफिल यांच्या मेंदूत मृत्यूनंतर सीटीई हा आजार आढळला. डोक्यावर वर्षानुवर्षे बसणाऱ्या धक्क्यांशी त्याचा संबंध आहे आणि पक्के निदान मृत्यूनंतरच होते. ब्युओनिकाँटीने हयातीतच मेंदू संशोधनासाठी देण्याचे जाहीर केले होते. झॉन्काच्या धडकांचे कौतुक करताना त्या धडकांची किंमतही ठाऊक असावी.

विजयांची साखळी शेवटी कधी तुटली?

१९७३ चा पहिला सामनाही मायामीने जिंकला. सलग १८ झाले. दुसऱ्या सामन्यात, २३ सप्टेंबर १९७३ ला, ओकलँड रेडर्सनी त्यांना १२-७ ने हरवले. तरी तो हंगाम त्यांनी १२-२ असा संपवला आणि मिनेसोटाला २४-७ ने हरवून सुपर बोल पुन्हा जिंकला. झॉन्का, किक आणि वॉरफिल्ड या तिघांनी १९७४ मध्ये नव्या वर्ल्ड फुटबॉल लीगशी करार केला आणि १९७५ च्या हंगामात ते मायामीकडे नव्हते.